घरची कणगी आणि इनामगावचे उत्खनन

शिरूर-दौंडकडच्या मंडळींनो, तुमच्या पडवीत आजीच्या वेळची कणगी पडून असेल, तर ती चुलीत घालण्यापूर्वी जरा थांबा.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली प्रमुख मंडळी. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराची घरे निघाली. घरांत धान्याची पेवे होती, आणि मातीचे गोल ओटे होते. हे ओटे कशासाठी? वर जे काही ठेवले असेल ते केव्हाच कुजून गेलेले. उत्तर सापडले ते आपल्याच खेड्यांत. कणगी अशाच ओट्यावर ठेवतात, म्हणजे तळाला ओल धरत नाही. पंडितांना शेतकऱ्याच्या माजघराने शिकवले म्हणा ना!

तेव्हा कणगी पाण्याने धुऊ नका. कुंच्याने झाडा, कडक उन्हात तापवा, भेगा शेणमातीने लिंपा. लिंपण पुरते वाळल्यावरच दगडांवर उभी करा, आत कडुलिंबाचा पाला घाला.

आणि गुरुजी, ती कोणत्या काडीची, कोणी विणली, हे मुलांना घरच्या म्हातारीकडून वहीत उतरवून घ्यायला सांगा.