चोराविना बोंब

१९९० साली न्यूयॉर्क शहरात सुमारे १ लाख ४७ हजार गाड्या चोरीला गेल्या. म्हणजे दिवसाला चारशे. लोक गाडीच्या काचेवर आतल्या बाजूने ‘नो रेडिओ’ अशी पाटी लावायचे. बाबा रे, आत नेण्यासारखं काही नाही, उगाच काच फोडू नकोस, अशी ती चोराला केलेली विनवणी होती. ज्यांचा विनवणीवर भरवसा नव्हता, त्यांनी अलार्म बसवले. मग शहरात चोर होतेच, आणि त्यात सायरनची भर पडली.

त्या काळातला नेहमीचा अलार्म सहा वेगवेगळे आवाज एकामागून एक काढायचा. आधी लांब हेल, मग पोलिसांच्या गाडीसारखी किंचाळी, मग टुकटुक, आणि पुन्हा पहिल्यापासून. लोकांना तो क्रम गाण्याच्या चालीसारखा पाठ झाला होता. पोरं त्यावर नाचायची. खिडकीतून कुणी खाली डोकावून बघत मात्र नव्हतं, आणि अलार्म बसवला होता तो नेमका त्याच कामासाठी.

गाडीचा अलार्म हा इतिहासात फारसा न मिरवलेला शोध आहे. पण मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण मी ज्या धंद्यात आहे तिथे रात्री-अपरात्री फोन किंचाळतो आणि ‘सर्व्हर पडला’ म्हणतो. दहापैकी नऊ वेळा सर्व्हर पडलेला नसतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न आपला आणि नवा वाटतो. प्रत्यक्षात तो न्यूयॉर्कच्या फुटपाथवर तीस वर्षांपूर्वीच उघडा पडला होता.

आधी यंत्राकडे बघू. गाडीच्या अलार्मला चोर दिसत नाही. त्याला दोन-चार फुटकळ गोष्टी कळतात. दाराच्या चौकटीत एक छोटा स्विच असतो, दार उघडलं की तो सुटतो. बॉनेटखाली तसाच दुसरा. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी एक धक्का ओळखणारा सेन्सर, त्याला संवेदनशीलता कमी-जास्त करायचा एक बारीकसा स्क्रू. काही जुने अलार्म तर फक्त बॅटरीच्या व्होल्टेजवर नजर ठेवून असत. दार उघडलं की आतला दिवा लागतो, दिवा लागला की व्होल्टेज किंचित पडतं, ते पडलं की बोंब. युक्ती स्वस्त होती. पण गाडी बंद केल्यावरही तापलेल्या इंजिनला गार करायला रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो. त्याने व्होल्टेज पडायचं, आणि मालक जेमतेम जिना चढतोय तोवर खाली गाडी ओरडायला लागायची.

धक्क्याच्या सेन्सरची गंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. विसर्जन मिरवणुकीतला डीजे गल्लीत वळला की दोन्ही बाजूंच्या गाड्या ओळीने कोकलू लागतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री एक सुतळी बॉम्ब फुटला की चार इमारतींचं पार्किंग जागं होतं. ‘काच फुटली’ आणि ‘हवा हादरली’ यांतला फरक त्या सेन्सरला कळत नाही. थरथर झाली, एवढंच त्याला ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात नाशिकच्या माझ्या मामाची गाडी रात्री आपणहून वाजायला लागली. गाडी सेकंडहँड, अलार्म आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेला. पहिल्या आठवड्यात सोसायटीने सहन केलं, दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव न घेता मेसेज आले, तिसऱ्या आठवड्यात नाव घेऊन. मेकॅनिक म्हणाला, सायरनची वायरच काढून टाकतो, झंझट नको. मामा आयुष्यभर हिशेब लिहीत आलेला माणूस. त्याला ते पटलं नाही. त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयवर दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, गाडी किती वाजता ओरडली ते लिहायला सुरुवात केली होती.

मी गेलो तेव्हा अकरा नोंदी झाल्या होत्या. अकराही रात्री दोन ते पहाटे पाचच्या मधल्या. त्यातल्या नऊ पाऊस पडून गेलेल्या रात्रींच्या. दुपारी, म्हणजे शाळेची बस, पाण्याचा टँकर, क्रिकेट खेळणारी पोरं हे सगळं पार्किंगमध्ये असताना, एकही नाही. आमच्या भाषेत याला लॉग म्हणतात. एवढा स्वच्छ लॉग मला ऑफिसातही क्वचित मिळतो.

मग एकेक संशयित बाजूला काढायचा. मी धक्क्याच्या सेन्सरचा प्लग काढून ठेवला. त्या रात्रीही गाडी वाजली. म्हणजे मांजर, ट्रक, ढगांचा गडगडाट, सगळे निर्दोष. बॅटरी मोजली, साडेबारा व्होल्ट, ठणठणीत. दारांचे स्विच कोरडे. उरला बॉनेटचा स्विच. त्याची रबरी टोपी फाटलेली, आत गंज आणि ओल. हा स्विच साधा असतो. बॉनेट बंद असताना त्याची पिन दाबलेली राहते आणि जोड तुटलेला असतो. बॉनेट उघडलं की पिन वर येते आणि वायर गाडीच्या पत्र्याला जोडली जाते. इथे पहाटे पत्रा गार पडायचा, आतली ओल त्यावर धरायची, आणि गंज व पाणी मिळून तोच जोड करून द्यायचे. अलार्मच्या लेखी कुणीतरी बॉनेट उघडलेलं असायचं. दीडशे रुपयांचा नवा स्विच आणि थोडं ग्रीस, एवढ्यात प्रकरण मिटलं.

नोंदी थांबल्या. आठवड्याने मामा शेजारच्या काकूंना सांगायला गेला, आता त्रास होणार नाही म्हणून. काकू म्हणाल्या, “बरं झालं हो. पण एक सांगू का, आता खरंच कुणी फोडत असलं ना तुमची गाडी, तरी या बिल्डिंगमधून कुणी उठायचं नाही.”

स्विच दुरुस्त झाला, अलार्म मात्र कायमचा गेला होता. कारण अलार्मचा शेवटचा भाग गाडीत नसतोच, तो शेजाऱ्याच्या कानात असतो. आणि तो दीडशे रुपयांत बदलून मिळत नाही.

काकूंचं म्हणणं गणितानेही बरोबर आहे. समजा, एका भागात हजार गाड्या आहेत आणि प्रत्येकीचा अलार्म महिन्यातून फक्त एकदा चुकून वाजतो. म्हणजे वर्षाला बारा हजार खोट्या हाका. समजा, त्याच वर्षात पाच गाड्यांवर खरोखर चोराचा हात पडला आणि पाचही वेळा अलार्म चोख वाजला. तरी तुम्ही ऐकलेली हाक खरी असण्याची शक्यता साधारण चोवीसशेत एक. इतक्या कमी शक्यतेसाठी रात्री तीन वाजता चपला घालून खाली न उतरणारा माणूस आळशी नाही की निर्दय नाही. तो हिशेबी आहे.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळे ऐकून मोठे झालो. तिथे दोष पोराच्या माथी मारून मोकळं होता येतं, कारण तो मुद्दाम खोटं बोलला. अलार्मच्या गोष्टीत खोटारडं कुणीच नाही. मामाच्या गाडीतला स्विच खरंच जोडला गेला होता आणि अलार्मने तेच कळवलं. ‘स्विच जोडला गेला’ याचा अर्थ ‘चोर आला’ असा ज्याने लावला, तो कुठल्यातरी टेबलापाशी बसलेला माझ्यासारखाच एक इंजिनियर होता. आणि ऐकणारे गल्लीभर लोक त्याने फुकटात रखवालदार म्हणून नेमून टाकले होते, त्यांना न विचारता.

न्यूयॉर्कने आधी आवाजाला वेळेचं बंधन घातलं: अलार्म तीन मिनिटांत आपोआप थांबला पाहिजे. मग आकडे बाहेर आले. १९९७ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटने दाव्यांचा अभ्यास केला. अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकूण घट दिसली नाही. २००३ साली ट्रान्स्पोर्टेशन अल्टरनेटिव्ह्ज या संस्थेने अहवाल काढून शहरात गाडीच्या अलार्मवर बंदीच मागितली. बंदी आली नाही. पण तोवर चोरीवरचा खरा उतारा दुसरीकडून येऊ घातला होता, आणि तो अजिबात आवाज करत नव्हता.

त्याची एक सुरुवात १९८६च्या शेव्हरले कॉर्व्हेटमध्ये दिसते. तिच्या किल्लीच्या पात्यात एक छोटा रेझिस्टर बसवलेला होता, १५ ठरावीक मूल्यांपैकी एकाचा. किल्ली फिरवली की गाडी तो मोजायची. जुळला नाही तर इंजिन सुरू होऊ द्यायची नाही. पंधराच प्रकार म्हणजे चिकाटीच्या चोरासाठी काही अवघड नव्हतं. पण दिशा बदलली होती. पुढे १९९०च्या दशकात किल्लीत चिप आली. किल्लीच्या खाचेभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून त्या चिपला वीज मिळते, ती आपला संकेत सांगते, आणि तो पटला तरच इंजिनचा कंप्युटर इंधन आणि ठिणगी सोडतो. यालाच इमोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात २००१पासून, कॅनडात २००७पासून. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की या सक्तीमुळे तिथल्या गाडीचोऱ्या १९९५ ते २००८ या काळात सरासरी ४० टक्क्यांनी कमी झाल्या.

या यंत्राने शेजाऱ्याला उठवलं नाही. कुणाकडे काही मागितलंच नाही. न्यूयॉर्कमध्ये पोलिसबळापासून इतर अनेक गोष्टी बदलल्या, त्यांचाही वाटा होताच. पण २०१९पर्यंत तिथल्या वर्षभराच्या गाडीचोऱ्या साडेपाच हजारांच्या आत आल्या होत्या. दिवसाला चारशेवरून पंधरावर.

अमेरिकेने मात्र इमोबिलायझरची सक्ती केली नाही. २०१५च्या मॉडेल्समध्ये इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत तो मुळातच बसवलेला होता, ह्युंदाई आणि कियाच्या तिथल्या गाड्यांत फक्त २६ टक्क्यांत. २०२१-२२मध्ये पोरांनी या गाड्या पळवण्याचे व्हिडिओ टाकले आणि शहरोशहरी चोऱ्यांची लाट आली. फेब्रुवारी २०२३मध्ये कंपन्यांनी सॉफ्टवेअर अपडेट जाहीर केलं. त्यात दोन बदल होते. एक, किल्ली खाचेत असल्याखेरीज गाडी सुरू होणार नाही. दुसरा, अलार्म ३० सेकंदांऐवजी एक मिनिट वाजेल.

ही दुसरी ओळ वाचून मी बराच वेळ थांबलो. पहिल्या बदलात तीस वर्षांचं शहाणपण आहे. दुसऱ्यात तीच जुनी आशा: जरा जास्त वेळ ओरडलो, तर कुणीतरी येईल.

या आशेची किंमत पार्किंगपुरती राहत नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ साली इशारा दिला, की रुग्णाच्या उशाशी वाजणाऱ्या यंत्रांच्या ८५ ते ९९ टक्के अलार्मवर प्रत्यक्षात काहीच करायची गरज नसते. दिवसभर शेकडो वेळा ते ऐकणारी नर्स हळूहळू बहिरी होते, आवाज कमी करते, कधी बंद करते. जानेवारी २००९ ते जून २०१२ या साडेतीन वर्षांत अलार्मशी संबंधित ९८ घटना त्यांच्याकडे नोंदवल्या गेल्या. त्यांपैकी ८० रुग्ण दगावले. त्यांच्याबाबतीत हाक खरी होती. तिच्याआधीच्या हजारो हाका खोट्या होत्या.

नाशिकहून परतल्यावर मी आमच्या टीममधल्या अलर्टची यादी काढून बसलो. प्रत्येकापुढे दोन रकाने केले: हा वाजल्यावर कोण उठणार, आणि उठून नेमकं काय करणार. दुसरा रकाना कोरा राहिला, की तो अलर्ट काढून टाकायचा किंवा ते काम यंत्रालाच शिकवायचं. जवळपास निम्मे गेले. गेल्या महिन्यात रात्री पावणेतीनला फोन वाजला, तेव्हा टीममधली सगळ्यात नवी मुलगी दोन मिनिटांत लॅपटॉपसमोर होती. हाक खरी होती.