थिबा राजाची समाधी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा पाककृती किंवा भरतकाम यांवर चार ओळी लिहून मोकळे व्हावे असे प्रथम मनात आले. परंतु एका प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून देणे राहिले होते. ते फेडण्याची हीच संधी आहे असे वाटून हा लेख लिहीत आहे.

मंडळाची गणपतीपुळे, पावस आणि रत्नागिरी अशी सहल पुष्कळ जणींच्या स्मरणात असेल. रत्नागिरी हे माझे माहेर, म्हणून थिबा राजवाड्यात सर्वांना माहिती सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या तोऱ्याने सांगत होते, हा ब्रह्मदेशच्या राजाचा वाडा, इंग्रजांनी त्याला येथे आणून ठेवले, इत्यादी. रंगीत काचा, लाकडी काम, समोरची खाडी, सगळे दाखवून झाले. आम्ही पायऱ्यांवर टेकलो असता एका वहिनींनी सहज विचारले, "अहो ताई, राजा इथेच वारला म्हणता, मग त्याला ठेवला कुठे? त्याच्या देशी नेला का?"

मला सांगता येईना. लहानपणापासून थिबा पॉइंटवर फिरायला जाणारी मी! राजाचा वाडा ठाऊक, राजाच्या नावाचा रस्ता ठाऊक, पण राजाचे थडगे गावात कोठे आहे हे ठाऊक नाही. "बघून सांगते हं," असे म्हणून मी वेळ मारून नेली. मनात मात्र लाज वाटली. पुढे मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा चौकशी करीत करीत तेथे जाऊन आले, आणि नंतर मिळेल ते वाचले. त्याचा हा गोषवारा.

रत्नागिरी शहरात, आता चोहोबाजूंनी घरे आणि इमारती वाढलेल्या वस्तीत, ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीशेजारी भिंतीने वेढलेली एक लहानशी जागा आहे. ब्रह्मदेशच्या राजघराण्याची आपल्या महाराष्ट्रातील खाजगी दफनभूमी ती हीच. येथे थिबा राजा आणि त्याची धाकटी राणी सुपयागले विसावली आहेत. मी गेले तेव्हा तेथे कोणीही नव्हते. शेजारच्या घरातून कुकरची शिटी ऐकू येत होती आणि कोणाचे तरी कपडे वाळत होते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ राज्य केलेल्या घराण्याचा अखेरचा राजा येथे आहे, हे त्या जागेकडे पाहून कोणाच्या ध्यानातही येऊ नये!

हे घराणे कोनबाउंग घराणे म्हणून ओळखले जाते. इ. स. १७५२ मध्ये अलाउंगपया याने ते स्थापन केले. थिबाचा पिता मिंडान राजा हा मोठा धर्मशील म्हणून प्रसिद्ध होता. मंडाले हे नगर त्यानेच वसविले. तो १८७८ मध्ये वारला आणि मंडालेच्या राजवाड्याच्या आवारातच त्याची समाधी बांधण्यात आली. थिबालाही आपल्या पित्याजवळच जागा मिळेल असे त्या वेळी कोणीही म्हटले असते.

थिबा एकोणिसाव्या वर्षी गादीवर बसला. त्याचे चित्र नुसतेच करुण रंगवावे असे मला वाटत नाही. त्याच्या राज्यारोहणानंतर गादीला वारस ठरू शकतील अशा राजकुळातील कित्येक स्त्रीपुरुषांची हत्या झाली, हा डाग इतिहासाने पुसलेला नाही. परंतु इंग्रजांनी त्याला काढले ते काही त्या पापासाठी नव्हे. सागवानाची जंगले, व्यापार आणि फ्रेंचांशी त्याचा वाढता संबंध ही खरी कारणे होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजी फौज इरावतीतून वर गेली आणि अवघ्या दोनतीन आठवड्यांत मंडाले पडले. राजाला आणि राण्यांना बैलगाड्यांत बसवून नदीकाठी नेले व आगबोटीवर चढविले. पुढल्याच वर्षी, १ जानेवारी १८८६ रोजी, ब्रह्मदेश इंग्रजी राज्यास जोडल्याचे जाहीर झाले.

आधी मद्रास आणि मग रत्नागिरी असा त्यांचा प्रवास झाला. एप्रिल १८८६ मध्ये हे कुटुंब रत्नागिरीच्या बंदरात उतरले. रत्नागिरीच का, तर तेव्हा तेथे आगगाडी नव्हती, पावसाळ्यात बोटीही बंद असत, आणि ब्रह्मी बोलणारा माणूस आसपास औषधालाही नव्हता. पळून जाण्याची वा कोणी सोडवून नेण्याची भीती नाही. आपल्याला ज्या गोष्टींमुळे कोकण दूर वाटे, त्याच गोष्टी सरकारला सोयीच्या वाटल्या!

राजाबरोबर दोन राण्या होत्या, सुपयालत आणि तिची धाकटी बहीण सुपयागले. दोन मुली मंडालेत झालेल्या, तिसरी मद्रासच्या मुक्कामात झाली आणि चौथी रत्नागिरीत. नोकरचाकर होते, पण पेन्शन पुरेना म्हणून राजाने जवळची माणके एकेक करून विकली. आपण पाहिलेला तो राजवाडा १९१० साली पुरा झाला, म्हणजे वनवासाची चोवीस वर्षे भाड्याच्या व सरकारी बंगल्यांत काढल्यावर. त्या वाड्यात राजाला जेमतेम सहा वर्षे लाभली.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपले लोकमान्य टिळक हे १८५६ साली रत्नागिरीत जन्मले, हे आपण सर्व जाणतो. १९०८ साली सरकारने त्यांना सहा वर्षांची शिक्षा देऊन कोठे ठेवले? मंडालेला. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदी आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेत बंदी! दोघांनाही ठेवणारे सरकार एकच. १९१२ साली टिळक मंडालेत असताना इकडे पुण्यात सत्यभामाबाई वारल्या, आणि पतीला त्यांचे शेवटचे दर्शनही झाले नाही. त्याच १९१२ साली इकडे रत्नागिरीत धाकटी राणी सुपयागले वारली. तिला मंडाले पुन्हा दिसले नाही. या दोन स्त्रियांना एकमेकींचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु हे वाचल्यापासून माझ्या मनात त्या दोघी जोडीनेच उभ्या राहतात. टिळक १९१४ मध्ये सुटून घरी परत आले. थिबा काही परत गेला नाही.

धाकट्या राणीचा देह परमुलखात पुरू नये, आपल्या देशी न्यावा, अशी राजाची इच्छा होती. सरकारने परवानगी दिली नाही. तेव्हा तो देह पेटीत बंद करून राजवाड्याच्या आवारातच ठेवण्यात आला. डिसेंबर १९१६ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी राजा स्वतः वारला. त्याच्या देहाचेही तेच झाले. थोरली राणी सुपयालत मोठी करारी बाई. पतीला आणि बहिणीला घेतल्यावाचून जायचे नाही, असा तिचा हेका होता. सरकारला भीती अशी, की राजाचा देह मंडालेत गेला तर त्याच्याभोवती लोक जमतील आणि राज्याची आठवण जागी होईल. जिवंत राजाला तीस वर्षे कोंडून ठेवले, आणि तो मेल्यावरही त्याची धास्ती सुटली नाही! अखेर मार्च १९१९ मध्ये दोन्ही देह सरकारने ठरविलेल्या या जागी ठेवून थडगे पक्के बंद केले, आणि त्याच वर्षी राणीला मुलींसह ब्रह्मदेशात जाण्याची मोकळीक दिली.

ती गेली, पण मंडालेला नव्हे, तर रंगूनला. १९२५ साली ती तेथेच वारली. तिला मंडालेत पुरण्याची परवानगी कुटुंबाने मागितली, ती सरकारने नाकारली. तिची समाधी रंगूनला श्वेदगोन पॅगोड्याजवळ आहे. म्हणजे सासरा मंडालेत, नवरा आणि बहीण रत्नागिरीत, आणि स्वतः रंगूनला. दुसरी मुलगी दार्जिलिंगकडे कालिंपाँगला राहिली व तेथेच वारली. चौथी मोलमीनला गेली. एका घरची माणसे, पण थडगी किती ठिकाणी!

अशीच गोष्ट उलट दिशेनेही घडलेली आहे. दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादुरशहा जफर याला १८५७ च्या युद्धानंतर इंग्रजांनी रंगूनला नेले. १८६२ साली तो वारला, तेव्हा त्याला घाईने पुरून जमीन सपाट केली, म्हणजे खूण राहू नये. खरी कबर १९९१ साली खोदकामात सापडली. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशचा राजा हिंदुस्थानात. आज आपले पुढारी रंगूनला गेले की त्या कबरीवर फुले वाहतात, आणि डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले, तेव्हा त्यांनी या समाधीचे दर्शन घेतले.

आता थोरल्या मुलीविषयी. फयाजी हे तिचे नाव. ऐन तारुण्य बंदीवासात गेलेले, बरोबरीचा वर मिळण्याचा मार्ग नाही. राजवाड्यावरच्या एका मराठी दरवानाशी तिचे मन जडले. तो आधीच संसारी होता. १९०६ साली तिला मुलगी झाली, तिचे नाव टुटू. घराण्याला हे केवढे दुःखाचे वाटले असेल, ते आपण आया समजू शकतो. १९१९ साली फयाजीही इतरांबरोबर रंगूनला गेली, परंतु थोड्याच दिवसांत मुलीला घेऊन रत्नागिरीला परत आली. पुढे फार हलाखीत दिवस काढून १९४७ साली ती रत्नागिरीतच वारली.

टुटू तर पुरती रत्नागिरीकर झाली. मराठी बोलली, मराठी माणसाशी लग्न केले, मुले वाढविली, गोवऱ्या थापल्या, कागदाची फुले करून विकली. राजाची नात म्हणून तिने कोणापुढे हात पसरला नाही. २००० साली ती वारली. मी लहानपणी ज्या रस्त्यांनी शाळेत जात असे, त्याच रस्त्यांनी ती बाजाराला जात असणार. कदाचित मी तिला पाहिलेही असेल. पण पाहिले असेल तर ओळखले नाही, हे आता मनाला लागते.

राजाचे अवशेष म्यानमारला परत न्यावेत, असे काही जण म्हणतात. जेथे शंभर वर्षे आहेत तेथेच असू द्यावेत, असेही काही जण म्हणतात. त्याचा निर्णय त्यांच्या वंशजांनी आणि त्या देशाने करावा. माझे म्हणणे एवढेच, की जोवर ते आपल्याकडे आहेत तोवर ते आपल्या गावचे पाहुणे आहेत. इंग्रज सरकारने त्याला बंदी म्हणून आणले, आम्ही रत्नागिरीकरांनी तर आणले नव्हते. मग आपण त्याला पाहुण्यासारखे का वागवू नये? वाडा पाहायला आपण तिकीट काढून जातो, फोटो काढतो. ज्याच्यासाठी वाडा बांधला, त्याच्या दारी मात्र कोणी जात नाही.

आपण मालाडमध्ये राहणाऱ्या बहुतेक जणी कोठून ना कोठून आलेल्या आहोत. कोणी सावंतवाडीची, कोणी साताऱ्याची, कोणी खानदेशची. लग्न झाले, बिऱ्हाड झाले आणि येथल्याच झालो. आपण आपखुशीने आलो, आणि मन झाले की गाडीत बसून माहेरी जाता येते. सुपयागलेला ते जमले नाही. त्या भिंतीआड उभी असताना मला राजापेक्षा तिचेच अधिक वाटले. जाताना मी माहेरच्या परसातली थोडी अनंताची फुले नेली होती. ती मी दोघांसाठी ठेवली, आणि त्यांच्या पद्धतीत काय म्हणतात ते ठाऊक नसल्यामुळे नुसता नमस्कार केला.

तर वहिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. राजाला त्याच्या देशी नेला नाही. तो रत्नागिरीतच आहे, आणि त्याची राणीही. पुढील सहल पुन्हा कोकणात ठरली, तर राजवाडा पाहून झाल्यावर अर्धा तास हाताशी ठेवावा. रस्ता आता मी दाखवीन.