सर्व्हरवर ईआरपीनेक्स्ट बसवताना : मंडळांसाठी आणि सभासदांच्या लहान व्यवसायांसाठी

आपल्या बडोद्याच्या मंडळाचा हिशेब बरीच वर्षे खजिनदारांच्या घरच्या लॅपटॉपवर होता. त्या लॅपटॉपची डिस्क बिघडली तेव्हा दोन महिन्यांच्या पावत्या पावतीपुस्तकांवरून पुन्हा भराव्या लागल्या. त्यानंतर आम्ही मंडळाचे हिशेब, सभासदयादी आणि दिवाळी फराळाच्या विक्रीची नोंद ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत प्रणालीवर नेली. मसाल्याचे, छपाईचे किंवा सुट्या भागांचे लहान उद्योग चालवणारे सभासद तिची माहिती वारंवार विचारतात. त्यांच्यासाठी आणि पुढच्या कार्यकारिणीसाठी हा लेख येथे ठेवत आहोत.

ईआरपीनेक्स्ट म्हणजे काय

खरेदी, विक्री, साठा, हिशेब, उत्पादन आणि ग्राहक या सगळ्यांची नोंद एकाच ठिकाणी ठेवणारी ही प्रणाली आहे. विक्रीचे बिल केले की त्याची खतावणी आपोआप होते. बिलातच साठा वजा करण्याची सोयही आहे. मुंबईचे रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून या कामाला सुरुवात केली. पुढे २००८ मध्ये त्यांनी फ्रापे टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली. ईआरपीनेक्स्टला जीएनयू जीपीएल आवृत्ती ३ हा परवाना आहे, म्हणून वापरणाऱ्यांच्या संख्येवर शुल्क नाही. सर्व्हरचे भाडे आणि सांभाळणाऱ्याचा वेळ हा खर्च मात्र असतोच.

ओडू आणि डोलिबार हे याच प्रकारचे इतर पर्याय आहेत. जीएसटीसाठी 'इंडिया कम्प्लायन्स' हे मुक्तस्रोत अॅप मिळते आणि मूळ कंपनी भारतातली आहे, म्हणून आम्ही ईआरपीनेक्स्ट निवडले.

पूर्वतयारी

खालील कृती आवृत्ती १५ साठी आहे. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पायथन, नोड आणि मारियाडीबीच्या ठरावीक आवृत्त्या लागतात. जुनी कृती नव्या आवृत्तीवर वापरू नका.

- भाड्याचा सर्व्हर : उबुंटू २२.०४, ४ जीबी मेमरी, ४० जीबी डिस्क. लहान मंडळाला किंवा पाच-सात जणांच्या दुकानाला एवढे पुरते.
- स्वतःचे डोमेन : त्याची 'ए' नोंद सर्व्हरच्या आयपी पत्त्याकडे वळवलेली असावी.
- सॉफ्टवेअर : पायथन ३.१०, नोड १८, यार्न, गिट, रेडिस आणि मारियाडीबी १०.६.
- पीडीएफसाठी डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ ०.१२.६ : हे 'पॅच्ड क्यूटी' असलेलेच घ्यावे. उबुंटूच्या भांडारातल्या प्रतीत पानाचा शीर्षभाग आणि तळभाग नीट छापला जात नाही.

बसवण्याचा क्रम

१. सर्व्हरवर 'रूट'ऐवजी वेगळा वापरकर्ता तयार करा आणि त्याला 'सुडो'चा अधिकार द्या. लॉगिन पासवर्डने न ठेवता एसएसएच चावीने ठेवा. फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ हे तीनच पोर्ट उघडे ठेवा. मारियाडीबीचा ३३०६ बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. वेळ 'आशिया/कोलकाता' लावा.

२. मारियाडीबी बसवून तिचा सुरक्षा-आदेश चालवा आणि रूटचा पासवर्ड ठरवा. सेटिंगच्या फाइलमध्ये अक्षरसंच 'यूटीएफ८एमबी४' आणि कोलेशन 'यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय' असे लिहा, मग सेवा पुन्हा सुरू करा. ही पायरी राहिली तर पुढे साइट तयार होताना अडथळा येतो.

३. पिपने 'फ्रापे-बेंच' बसवा. पुढची बहुतेक कामे 'बेंच' या एकाच आदेशातून होतात. 'बेंच इनिट'ने आवृत्ती १५ ची शाखा सांगून कामाचा फोल्डर तयार करा.

४. 'बेंच न्यू-साइट' आदेशाला आपल्या डोमेनचे नाव द्या. तो मारियाडीबीच्या रूटचा पासवर्ड विचारतो आणि नव्या 'अॅडमिनिस्ट्रेटर'चा पासवर्ड ठरवायला सांगतो. हे दोन पासवर्ड वेगळे ठेवा आणि तेव्हाच लिहून घ्या.

५. 'बेंच गेट-अॅप'ने ईआरपीनेक्स्ट आणा आणि 'इन्स्टॉल-अॅप'ने त्या साइटवर बसवा. जीएसटी लागू असेल तर इंडिया कम्प्लायन्स याच पद्धतीने आणा. पगारपत्रक आणि रजा हव्या असतील तर एचआरएमएस हे वेगळे अॅप लागते, कारण आवृत्ती १४ पासून तो भाग मूळ प्रणालीतून काढला आहे. सर्व अॅप आवृत्ती १५ च्याच शाखेतून घ्या.

६. 'बेंच सेटअप प्रॉडक्शन' चालवा. त्यामुळे एनजिनएक्स आणि सुपरवायझर यांची मांडणी होते आणि सर्व्हर बंद होऊन सुरू झाला तरी प्रणाली आपोआप चालू होते. वेळापत्रकाची कामे चालावीत म्हणून साइटचा शेड्युलर चालू करा.

७. लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र लावा. त्याची मुदत ९० दिवस असते, म्हणून आपोआप नूतनीकरण सुरू असल्याची खात्री करा.

सहावी पायरी झाल्यावर एक अडचण बऱ्याच जणांना येते. पान उघडते, पण रंग आणि मांडणी नसते, नुसती अक्षरे दिसतात. प्रणाली बिघडली असे समजून आम्हीही सगळे पुसून पुन्हा बसवले होते. कारण साधे असते. उबुंटू २२.०४ मध्ये वापरकर्त्याचा होम फोल्डर इतरांना बंद असतो आणि एनजिनएक्सला आतल्या फाइली वाचता येत नाहीत. त्या फोल्डरला इतरांसाठी 'एक्झिक्यूट' परवानगी दिली की पान नीट दिसते.

पहिली मांडणी

पहिल्या लॉगिननंतर देश, चलन, संस्थेचे नाव, आर्थिक वर्ष आणि खात्यांची यादी विचारली जाते. येथे घाई करू नका. संस्थेचे लघुरूप प्रत्येक खात्याच्या नावामागे लागते आणि नोंदी सुरू झाल्यावर मूळ चलन बदलता येत नाही. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च ठेवा. खात्यांची यादी आपल्या सीएंना दाखवून मगच पक्की करा. आजीव वर्गणी, वार्षिक वर्गणी, देणगी, सभागृहाचे भाडे आणि ग्रंथालय अनामत ही खाती सुरुवातीलाच वेगळी केली, तर वर्षअखेर ताळेबंद करणे सोपे जाते.

देवनागरीची काळजी

प्रणालीत नावे देवनागरीत भरता येतात. पडद्यावर ती नीट दिसतात, पण पीडीएफ पावतीत अक्षरांच्या जागी चौकोन येऊ शकतात. पीडीएफ सर्व्हरवर तयार होतो आणि नव्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसतो. लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट सर्व्हरवर बसवून एक नमुना पावती छापून पाहा. जोडाक्षरे आणि वेलांट्या तपासा.

दुसरी बाब आपल्यासारख्या गावात विशेष जाणवते. आपल्याकडे एकच सभासद बँकेत इंग्रजीत, घराच्या वेराबिलावर गुजरातीत आणि मंडळाच्या वहीत मराठीत असतो. देवनागरीत भरलेले 'कुलकर्णी' इंग्रजी स्पेलिंगने शोधल्यास सापडत नाही. मग सभासद नाही असे समजून कोणीतरी नवी नोंद करतो आणि वर्गणी दोन ठिकाणी विभागली जाते. नोंदीचे मुख्य नाव इंग्रजीत, पावतीवरचे नाव मराठीत आणि दोन्हींसोबत सभासद क्रमांक, असा नियम आम्ही ठरवला. कोणता नियम ठेवायचा हे आपण ठरवा, पण पहिली नोंद भरण्याआधी ठरवा.

बॅकअप

'बेंच सेटअप बॅकअप्स'ने दर सहा तासांनी डेटाबेसची प्रत निघते, पण ती त्याच सर्व्हरवर राहते. सर्व्हर गेला की प्रतही गेली. रोज एक प्रत दुसऱ्या ठिकाणी गेलीच पाहिजे. त्या प्रतीत चार गोष्टी हव्यात : डेटाबेस, सार्वजनिक फाइली, खाजगी फाइली आणि साइटची कॉन्फिग फाइल. शेवटची फाइल हमखास विसरली जाते. तिच्यात 'एन्क्रिप्शन की' असते आणि तिच्याशिवाय प्रणालीत साठवलेले ईमेल वगैरेचे पासवर्ड उलगडत नाहीत.

परत उभा करून पाहिलेला बॅकअपच खरा बॅकअप. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या यंत्रावर 'रिस्टोअर' करा आणि शेवटच्या पावतीचा क्रमांक जुळतो का ते पाहा. आवृत्ती सुधारण्याआधीही हेच करा.

सर्व्हर कोणाच्या नावावर

वरची सगळी कृती जाणकार सभासद एका दिवसात करतो. खरी अडचण नंतर येते. आमच्याकडे सुरुवातीला डोमेन एका सभासदाच्या वैयक्तिक ईमेलवर आणि सर्व्हरचे भाडे त्यांच्याच कार्डावर होते. नोकरीनिमित्त ते परदेशी गेले, कार्डाची मुदत संपली आणि सर्व्हर बंद पडला. त्यांनी रात्री जागून मदत केली म्हणून नोंदी वाचल्या. दोष त्यांचा नव्हता, आम्ही व्यवस्थाच केली नव्हती.

म्हणून आता पुढील नियम पाळतो :

- डोमेन आणि सर्व्हर मंडळाच्या ईमेलवर असतात आणि त्यांचे पैसे मंडळाच्या खात्यातून जातात.
- पासवर्ड, एसएसएच चावी आणि एन्क्रिप्शन की यांची प्रत मोहोरबंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात असते. पाकीट उघडल्यास त्याची नोंद होते.
- रोजची नोंद कोणीही 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून करत नाही. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे असते आणि पद सुटले की ते बंद होते.
- सर्व्हर सांभाळणारे दोघे असतात, एक अनुभवी आणि एक शिकणारा.
- कार्यकारिणी बदलताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर या पाकिटाचीही पोच घेतली जाते.

व्यवसाय चालवणाऱ्या सभासदांनाही हेच लागू आहे. वडील आणि मुलगा दुकानात असतात, पण पासवर्ड फक्त बसवून देणाऱ्या मुलाकडे असतो. ते कागद आजच घरात योग्य जागी ठेवा.

हे सगळे स्वतः सांभाळणे शक्य नसेल, तर फ्रापेची स्वतःची होस्टिंग सेवा घेता येते. त्यात कमीपणा नाही. तेथेही खाते संस्थेच्या नावावर ठेवा आणि बॅकअप दरमहा उतरवून घ्या. ज्यांना आपल्या सर्व्हरवर बसवून पाहायचे आहे, त्यांनी आधी एक महिना जुनी वही आणि नवी प्रणाली बरोबरीने चालवावी. महिनाअखेरची शिल्लक दोन्हीकडे जुळली की मगच वही बंद करावी.