हाड जुळले, पण पाय कधी चालणार? मांडीच्या फ्रॅक्चरच्या उपचारांची गोष्ट

12 जून 2019. फ्रान्समधील रोआन या गावी सायकल शर्यतीच्या एका टप्प्याआधी ख्रिस फ्रूम रस्त्याची पाहणी करत होता. 'टूर द फ्रान्स' चार वेळा जिंकलेला हा खेळाडू. नाक शिंकरण्यासाठी त्याने हँडलवरचा एक हात काढला, तेवढ्यात वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि तो भरधाव वेगात एका भिंतीवर आदळला. उजव्या मांडीचे हाड, कोपर आणि बरगड्या मोडल्या. त्याला हेलिकॉप्टरने सेंत-एतिएनच्या रुग्णालयात नेले आणि तिथे त्याच्यावर कित्येक तास शस्त्रक्रिया चालली.

आठ महिन्यांनी, फेब्रुवारी 2020 मध्ये, तो पुन्हा शर्यतीत उतरला.

सायकलवरून किंवा दुचाकीवरून पडून मांडी मोडलेल्या रुग्णाचे नातेवाईक आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "डॉक्टर, किती दिवस झोपून राहायचं?" आणि ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट पलंगापाशी आला की दुसरा, "एवढ्यात कशाला उठवता? हाड हललं तर?" दोन्ही प्रश्न अगदी स्वाभाविक आहेत. गंमत म्हणजे याच प्रश्नांवर डॉक्टर मंडळी आपसात दीडशे वर्षे वाद घालत होती. तो इतिहास कळला की आज आम्ही तुम्हाला लवकर का उठवतो, हेही कळेल.

हाडवैद्याच्या घरातला डॉक्टर

आपल्याकडे जसे हाडवैद्य, तसे ब्रिटनमधील वेल्स प्रांतातही पिढीजात हाड बसवणारे होते. अशाच एका घराण्यातील इव्हान थॉमस यांनी आपल्या पाचही मुलांना रीतसर डॉक्टरकी शिकायला पाठवले. त्यांपैकी ह्यू ओवेन थॉमस (1834–1891) यांनी लिव्हरपूलमध्ये आपल्या घरीच दवाखाना थाटला.

थॉमस यांचा मंत्र एकच होता, विश्रांती. तीही सक्तीची, अखंड आणि दीर्घ. त्यांच्याकडे सांध्यांच्या क्षयाचे रुग्ण पुष्कळ येत. क्षयावर तेव्हा औषध नव्हते, त्यामुळे सांधा स्थिर ठेवणे हाच मोठा उपाय होता. त्यासाठी त्यांनी एक साधी फळी, म्हणजे स्प्लिंट, तयार केली. जांघेत बसणारे एक कडे, पायाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या दोन सळया आणि खाली पाय ताणून बांधण्याची सोय. ही 'थॉमस स्प्लिंट' आजही अपघात विभागात दिसते.

त्या स्प्लिंटचे खरे मोल कळले पहिल्या महायुद्धात. मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत लांब आणि मजबूत हाड. ते मोडले की भोवतीच्या ताकदवान स्नायूंच्या ओढीने तुकडे एकमेकांवर सरकतात, हादऱ्यांनी आतले मांस फाटते आणि मांडीच्या आतच लिटर-दीड लिटर रक्त साचू शकते. मांडी मोडलेले कितीतरी सैनिक रुग्णालयात पोहोचेपर्यंतच दगावत. थॉमस यांच्या पत्नीचे भाचे आणि शिष्य सर रॉबर्ट जोन्स यांनी ही स्प्लिंट लष्करात रुजवली. जखमी सैनिकाला हलवण्यापूर्वीच पाय ताणून स्थिर बांधला जाऊ लागला आणि मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले.

अपघाताच्या जागी मोडलेला पाय स्थिर करा आणि मगच माणसाला हलवा, हा धडा तेव्हापासून कायम आहे.

विश्रांतीची किंमत

पण जीव वाचल्यानंतर पुढे काय? जुन्या वाचकांना सरकारी दवाखान्यातला हाडांचा वॉर्ड आठवत असेल. पायाला दोरी, दोरी कप्पीवरून गेलेली, टोकाला लोंबणारे वजन आणि पलंगाचा पायथा उंच केलेला. या ट्रॅक्शनवर रुग्ण दीड-दोन महिने, कधी तीन महिने उताणा पडून असे.

हाड बहुतेक वेळा जुळे. पण तोवर गुडघा आखडलेला असे, मांडीचे स्नायू वाळून गेलेले असत, पाठीला बेडसोर झालेले असत. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोकाही होताच. म्हाताऱ्या रुग्णाला न्यूमोनिया गाठे. म्हणजे फ्रॅक्चर बरे व्हायचे आणि माणूस अधू व्हायचा.

हे धोके काही डॉक्टरांनी फार आधी ओळखले होते. थॉमस यांच्याच काळात फ्रेंच सर्जन ल्यूका-शांपिओनिएर अगदी उलट सांगत होते. फ्रॅक्चरच्या रुग्णाला लवकर मालिश द्या, सांधे हलवा, हालचालीतच जीव आहे, असे त्यांचे म्हणणे. मग जिंकले कोण? बराच काळ थॉमसच. कारण साधे होते. हाडाचे तुकडे आतून घट्ट धरणारे काहीच हाती नसताना मांडी हलवायची तरी कशी?

हाडाच्या पोकळीतला रॉड

ही अडचण सोडवली जर्मनीतील कील शहरातल्या गेऱ्हार्ड क्युंत्शर यांनी. मांडीचे हाड आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत मज्जा असते. क्युंत्शर यांनी विचार केला की याच पोकळीतून स्टीलचा लांब खिळा घातला तर? 1939 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी पहिल्यांदा रुग्णाच्या मांडीत असा खिळा बसवला. 1940 मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा अनेक सर्जनांनी नाके मुरडली. मज्जेच्या जागी लोखंड ठोकायचे ही कल्पनाच त्यांना भयंकर वाटली.

जगाला ही पद्धत कळली ती मात्र निराळ्या वाटेने. जर्मनांच्या कैदेत उपचार झालेले दोस्त राष्ट्रांचे सैनिक मायदेशी परतले, त्यांचे एक्स-रे काढले गेले आणि मांडीत खालपासून वरपर्यंत गेलेला धातूचा खिळा पाहून तिथले डॉक्टर चक्रावले. मांडी मोडलेली ही माणसे चालत होती!

आज आपण "पायात रॉड टाकला" म्हणतो, तो याच खिळ्याचा वारस. 1970 च्या दशकात रॉडच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू बसवण्याची पद्धत रूढ होत गेली. त्यामुळे चुरा झालेले हाडही आखूड न होता किंवा न फिरता जागेवर राहू लागले.

दरम्यान 1958 मध्ये स्वित्झर्लंडमधील काही सर्जनांनी 'एओ' हा गट स्थापन केला. हाड नीट बसवा, घट्ट धरा, त्याचा रक्तपुरवठा जपा आणि सांधे लवकर हलवा, ही त्यांची चतुःसूत्री. पक्के ऑपरेशन कशासाठी, तर लवकर हालचाल करता यावी म्हणून, हे त्यांनी ठासून सांगितले.

सायकलचे आरे आणि सैबेरियाचा डॉक्टर

सैबेरियातल्या कुर्गान गावी गाव्रिल इलिझारोव्ह वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षाला आले. हाडातून बारीक ताणलेल्या तारा आरपार घालायच्या आणि त्या पायाबाहेरच्या कड्यांना जोडायच्या, ही त्यांची पद्धत. सुरुवातीला साधनांची चणचण होती, तेव्हा त्यांनी सायकलचे आरे वापरले, असे सांगतात. कडी लावलेल्या पायावर ते रुग्णाला चालायला लावत. योग्य प्रमाणात भार पडला तर हाड चांगले भरून येते, हे त्यांनी दाखवले.

मग आज काय करायचे?

या सगळ्या प्रवासात विश्रांती हरली आणि व्यायाम जिंकला, असा अर्थ काढू नका. मोडलेल्या जागेला स्थिरता हवी, हे थॉमस यांचे म्हणणे आजही खरे आहे. फरक एवढाच की ती स्थिरता आता रॉड किंवा प्लेट देते. त्यामुळे बाकीच्या शरीराला झोपून राहण्याची गरज उरत नाही.

म्हणून ऑपरेशननंतर घोटा हलवणे, मांडीचा स्नायू आवळणे आणि गुडघा वाकवणे शक्यतो एक-दोन दिवसांतच सुरू होते. नंतर वॉकर किंवा कुबड्या. पायावर किती भार टाकायचा हे मात्र फ्रॅक्चरच्या प्रकारावर ठरते. ते तुमच्या सर्जननेच सांगायचे, शेजारच्या रुग्णाने नाही. हाड पक्के जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात, कधी जास्त. धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह हा काळ लांबवतात. पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि शेवटी पुन्हा फ्रूम. तो परतला आणि 2022 च्या 'टूर'मध्ये आल्प द्युएझच्या अवघड चढावर तिसराही आला. पण अपघातानंतर एकही मोठी शर्यत त्याला जिंकता आली नाही. जखमी पायाची ताकद दुसऱ्या पायाएवढी राहिली नसल्याचे त्याने स्वतःच सांगितले होते. सर्वोत्तम डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि साधने हाताशी असलेल्या जगज्जेत्याची ही गोष्ट.

म्हणून सहा महिन्यांनी जिना चढताना पाय थरथरला, तर आपले ऑपरेशन फसले असे लगेच समजू नका. एकदा दाखवून घ्या, एक्स-रे ठीक असेल तर व्यायाम चालू ठेवा. सर्जन हाड जुळवून देतो, पाय मात्र रोज थोडा थोडा तुम्हालाच परत मिळवावा लागतो. आणि फिजिओथेरपिस्टने परवानगी दिली की त्यासाठीचे एक उत्तम साधन म्हणजे एका जागी उभी असलेली व्यायामाची सायकल!