रोग बरा झाल्यानंतर

वैद्यकाचा इतिहास बहुधा विजयांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणता जंतू कोणी शोधला, कोणती शस्त्रक्रिया प्रथम कोणी केली, या कथा आपण आवडीने ऐकतो. रोगी घरी परतल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे मात्र त्यांत क्वचितच येते. कर्करोगाच्या बाबतीत हे मौन फार काळ टिकले, आणि त्याला कारणही होते. जो रोग झाला म्हणजे माणूस हातचा गेला असेच समजावयाचे, त्याच्या 'नंतर'चा विचार कोण करणार?

ती स्थिती आता राहिली नाही. कर्करोग होऊनही हयात असलेली माणसे अमेरिकेत १९७१ साली सुमारे ३० लाख होती. २०२२ साली ती सुमारे १.८ कोटी झाली. या नव्या समाजाची व्यथा प्रथम नीट मांडली ती स्वतः कर्करोगातून निभावलेल्या एका डॉक्टराने. फिट्झह्यू मुलन यांनी १९८५ साली एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढावयाचे आणि मग धक्क्यावर खोकत सोडून द्यावयाचे, अशी वैद्यकाची तऱ्हा आहे, असा त्यांच्या तक्रारीचा आशय होता. पुढल्याच वर्षी अशा माणसांची एक राष्ट्रीय संघटना अमेरिकेत उभी राहिली.

परंतु तक्रारीने वाट सापडत नाही. त्यासाठी मोजमाप लागते. ते ज्यांनी चिकाटीने केले त्यांत वेंडी डेमार्क-वॉनफ्रीड या आहारशास्त्रज्ञ विदुषीचे नाव अग्रभागी आहे. स्तनाच्या कर्करोगावर औषधोपचार घेणाऱ्या पुष्कळ स्त्रियांचे वजन वाढते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. काळजीपोटी त्या अधिक खात असाव्यात, असा सोपा तर्क होता. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात निराळेच दिसले. स्त्रियांचे खाणे वाढलेले नव्हते, हालचाल घटली होती. वाढत होती ती चरबी. स्नायूंची त्यात काहीच भर नव्हती. बिचाऱ्या रोग्याच्या जिभेला दिलेला दोष अशा रीतीने दूर झाला. आणि विश्रांती म्हणजे निव्वळ उपकार, या समजालाही तडा गेला.

पुढे त्यांनी अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील ६४१ माणसे निवडली. सारी ६५ वर्षांवरची, अंगाने स्थूल, आणि रोगाला निदान पाच वर्षे उलटलेली. निम्म्यांना वर्षभर टपालाने माहिती व दूरध्वनीवरून सल्ला दिला: रोज अर्धा तास चालावे, दिवसाआड पंधरा मिनिटे बळ वाढविणारा व्यायाम करावा, भाज्या-फळे अधिक खावीत. उरलेल्यांना हाच कार्यक्रम एक वर्षानंतर मिळावयाचा होता. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शरीराच्या कार्यक्षमतेचे शंभरांपैकी गुण सल्ला न मिळालेल्यांत ४.८४ नी उतरले, तर मिळालेल्यांत २.१५ नीच. हा फरक डोळे दिपविणारा नाही. पण जिना चढणे, बाजाराची पिशवी उचलणे, स्वतःची आंघोळ स्वतः करणे, यांचेच ते गुण होत. म्हातारपणी माणसाचा स्वाभिमान अशाच गोष्टींवर उभा असतो.

अलाबामात त्यांनी अनुभवी बागवानांची जोड देऊन अशा माणसांना परसात भाजी पिकवावयास लावले. भाजी खाण्यात थोडी वाढ झाली. परंतु आहार, हालचाल व कार्यक्षमता या तिन्हींची मिळून मोठी सुधारणा मोठ्या चाचणीत सिद्ध झाली नाही. तेही २०२४ साली जसेच्या तसे प्रसिद्ध झाले. शास्त्राची प्रतिष्ठा यातच आहे.

२०२५ साली, प्रामुख्याने कॅनडा व ऑस्ट्रेलियातील ८८९ रोग्यांवरील एका निराळ्या चाचणीचा निकाल आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व औषधोपचार झाल्यावर तीन वर्षे देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी ९०.३ टक्के आठ वर्षांनी हयात होते. नुसती माहितीपत्रके मिळालेल्यांत ८३.२ टक्के.

यावरून आहार-व्यायामाने कर्करोग बरा होतो असे कोणी सांगू लागल्यास त्याला दारातूनच परत पाठवावे. या चाचणीतील प्रत्येकाने आधी शस्त्रक्रिया करून घेतली होती, हे विसरून चालणार नाही. शिवाय उपचारांत खंगलेल्याचे पथ्य निराळे असते. ते डॉक्टरांनाच विचारावयाचे.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेव्हापासून तेथून बरी होऊन महाराष्ट्राच्या गावोगाव परतलेली माणसे थोडी नाहीत. घरी आल्यावर प्रेमापोटी आपण त्यांना खाटेवर निजवितो आणि तूप-शिरा पुढे करतो. या इतिहासातून आपण घ्यावयाचा बोध साधा आहे. डॉक्टरांची संमती मिळाली की त्यांच्यासाठी नुसती उशी सारखी करीत बसू नये. संध्याकाळी चपला घालाव्यात आणि त्यांच्याबरोबर चार पावले चालून यावे.