विजेचा निरोप, प्रकाशाच्या हाती

टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याला 1880 साली दुसरी कन्या झाली. त्याच वर्षी त्याने व त्याचा सहकारी टेंटर याने वॉशिंग्टनमध्ये एका शाळेच्या गच्चीवरून सुमारे 213 मीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेपर्यंत सूर्यप्रकाशाच्या झोतावरून माणसाचा शब्द पोचवला. बोलताच पातळ आरसा थरथरे, झोत मंद-तीव्र होई, आणि पलीकडे सेलेनियमच्या साहाय्याने टेलिफोनमध्ये पुन्हा आवाज उमटे. स्वारी इतकी खूश झाली, की मुलीचे नावच ‘फोटोफोन’ ठेवू म्हणाली! सुदैवाने मुलीच्या आईला ते पसंत पडले नाही.

पण आरसा तो आरसा. बोलण्याची कंपने सेकंदाला फार तर काही हजार. तेवढी तो पेलतो. अब्जावधी हेलकावे घेणारी वीज आली तर तिच्या तालावर कोणता आरसा नाचणार? त्यासाठी स्वतः न हलता प्रकाशाची चाल बदलील असा पदार्थ हवा.

त्याचा माग आधीच लागला होता. विजेच्या दाबाखाली काचेतला प्रकाश बदलतो, हे ग्लासगोच्या जॉन केरने 1875 मध्ये दाखवले होते. क्वार्ट्झच्या स्फटिकातही तसे घडते, हे 1883 मध्ये रंटगेन व कुंट यांनी पाहिले. मात्र तो नुसता स्फटिकाला पडणाऱ्या ताणाचा प्रताप नव्हे, विजेचा स्वतःचाही आहे, हे 1893 च्या सुमारास गॉटिंगेनच्या फ्रीड्रिख पोकेल्सने मोजून सिद्ध केले. दाब दुप्पट, तर बदलही दुप्पट, असा त्याचा सरळ हिशेब.

या पोकेल्सच्या घरची हकीकत मला भाऊबीजेला हटकून आठवते. थोरली बहीण ॲग्नेस, तिलाही पदार्थविज्ञानाची तितकीच ओढ. पण मुलींना तेव्हा तिथे विद्यापीठाची दारे बंद. आजारी आईबापांची सेवा, स्वयंपाक नि भांडी तिच्या वाट्याला आली. भाऊ पुस्तके पुरवी. पाण्यावरच्या तेलकट तवंगावर तिने घरच्या घरी प्रयोग केले आणि 1891 मध्ये लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले. त्यांनी ते ‘नेचर’मध्ये छापून आणले. सन्मान्य डॉक्टरेट मिळाली ती 1932 मध्ये, सत्तरीला! भाऊ त्याआधीच, 1913 मध्ये, 48 व्या वर्षी वारला होता. आपल्या शोधाचे पुढे काय होणार हे त्याला कळण्याचे कारणच नव्हते.

कारण शिस्तीत चालणारा प्रकाशच तोवर नव्हता. लेसर आला 1960 मध्ये. प्रकाश दूरवर नेईल असा काचतंतू 1970 मध्ये. मधल्या काळात, 1965 साली, बेलचेच नाव लावणाऱ्या प्रयोगशाळेत बॉलमनने वितळलेल्या रसातून लिथियम नायोबेटचे मोठे स्फटिक ओढून काढले. पुढची युक्ती साधी आहे. स्फटिकात प्रकाशाला अरुंद वाट करून द्यायची, तिचे दोन फाटे करायचे, विजेच्या दाबाने एका फाट्यातल्या लाटेची चाल बदलायची आणि दोन्ही पुन्हा एकत्र आणायचे. माथ्यावर माथा आला तर उजेड. माथा खळग्यात पडला तर अंधार. लेसरच भराभर लुकलुकवला तर? त्या धांदलीत तो आपला रंग किंचित बदलतो, आणि लांबच्या प्रवासात निरोप विस्कटतो.

खरी अडचण वेगाची. वीजही लाट म्हणूनच धावते, आणि या स्फटिकात ती प्रकाशाच्या मागे पडते. जात्यावर दोघी बसल्या आणि हात एका लयीत पडले नाहीत तर जाते अडते, तसेच इथे. हेलकावे जितके शीघ्र तितका घोटाळा अधिक. या दोघांची पावले जुळावीत म्हणून सोन्याच्या विद्युत्पट्ट्यांची जाडी नि घडण बसवण्यात इंजिनिअरांनी कित्येक वर्षे घालवली.

2018 मध्ये हार्वर्डच्या लोन्चार यांच्या गटाने ही सारी करामत लिथियम नायोबेटच्या पापुद्र्यावर बसवली. बहिणीचा विषय पापुद्रा होता, भावाच्या कामी आला तोही पापुद्राच! जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पट्ट्या प्रकाशाच्या अगदी लगत आल्या, म्हणून संगणकाच्या चिपला पुरतो तेवढाच दाब पुरला, आणि सेकंदाला 210 अब्ज बिटांपर्यंत निरोप उजेडावर चढले.