'ॲ' ची गोष्ट, अर्थात फोन मराठी कसा झाला



ऑफिसात कुणी नवीन फोन घेतला की चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास येतो, "फुकटातली चांगली ॲप्स सांग ना यार." माझी यादी पाठ आहे. लोकलसाठी एम-इंडिकेटर (उरणपर्यंत गाडी जानेवारी २०२४ मध्ये आली, त्यामुळे आम्हा द्रोणागिरीकरांना त्याची गरज जरा उशिरानेच पडली), तिथी-चतुर्थीसाठी कालनिर्णय, होमस्क्रीनवर हवामानाचं एखादं विजेट वगैरे वगैरे. पण ज्या फुकट वस्तूवाचून हा अख्खा फोन माझ्या आईसाठी नुसती काच होता, ती या यादीत कुणी धरतच नाही. ती म्हणजे मराठी कीबोर्ड. आज शनिवार, वेळ आहे, म्हणून त्याचाच इतिहास सांगतो. थोडं तांत्रिक होईल, चालवून घ्या.

सुरुवात पुण्यातून करावी लागते. १९८८ मध्ये तिथे सी-डॅक सुरू झालं, आणि भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची सांकेतिक पद्धत रुळली. भारतीय मानक म्हणून तिच्यावर शिक्का बसला १९९१ मध्ये. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तिच्यात देवनागरीला १२८ घरं मिळाली आणि अक्षरांचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला. म्हणजे हिशेब असा की मोबाईल आपल्या हातात यायच्या कितीतरी आधी 'क' ला जगभरात मान्य असा नंबर मिळालेला होता. मग अडलं कुठे?

अडलं दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे पैसा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला प्रत्येकी १६ बिट, म्हणून फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. 'आम्ही द्रोणागिरीला पोहोचलो' यात डोळ्यांना ११ अक्षरं दिसतात, पण फोनच्या हिशेबात मधल्या दोन जागा धरून २६ घरं गेली! एसएमएसला रुपया पडायचा त्या काळात मराठी माणूस 'amhi pohochlo' का लिहायला लागला याचं उत्तर भाषेच्या अभिमानात नाही, या गणितात आहे. (अभिमानावर भाषणं देणाऱ्यांनी हे गणित कधीच मांडलं नाही. असो.)

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. अक्षर साठवणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. 'गि' साठवताना आधी ग आणि मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी ग च्या आधी काढायची. ही अदलाबदल आणि जोडाक्षरं जुळवण्याचं काम करणारा एक प्रोग्राम लागतो. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तो देवनागरीसाठी नव्हताच. बऱ्याच फोनवर तर फॉन्टच नसायचा, मग नुसते चौकोन. २०११ मध्ये दादाने स्वस्तातला अँड्रॉइड घेतला तेव्हा त्यावर चौकोन नव्हते, पण 'द्रोणागिरी' उघडं पडलेलं: द च्या पुढे सुटा हलन्त, त्याच्यापुढे र, आणि 'गिरी'तली पहिली वेलांटी पुढच्या र ला जाऊन चिकटलेली. मी तेव्हा शाळेत. आम्हाला वाटलं फोन डुप्लिकेट आहे!

यावरचा जुगाड तेव्हाच्या बऱ्याच जणांना आठवत असेल. ओपेरा मिनी नावाचा फुकट ब्राउझर, २००६ पासूनचा. त्यात पत्त्याच्या जागी 'ओपेरा:कॉन्फिग' टाइप करायचं, एक लपलेलं पान उघडायचं, आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट हा पर्याय 'येस' करायचा. मग ओपेराचा सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र करून पाठवायचा. फोनला देवनागरी येवो न येवो, चित्र तर दाखवता येतंच ना! काय डोकं आहे राव. कितीतरी जणांनी फोनवर पहिला मराठी पेपर असा चित्रं बघत वाचला. पण लिहिणार कसं?

खरा इलाज झाला तो हार्फबझ या मुक्त सॉफ्टवेअरमुळे. नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज़ म्हणजे खुलं. बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरने ते नावारूपाला आणलं. २०११ अखेरचं अँड्रॉइड ४.० आणि २०१२ चं ४.१ यांच्या आसपास देवनागरी फोनवर नीट जुळून दिसायला लागली, ती याच प्रोग्रामच्या जोरावर. माझी वेलांटी जागेवर बसवणारा माणूस मूळचा इराणचा, आणि त्याने त्याबद्दल माझ्याकडून एक पैसा घेतलेला नाही. 'फुकट ॲप'वाल्या मित्रांना हे सांगितलं की ते "बरं" म्हणतात.

आता लिहिण्याचं. संगणकावर बरहा, गमभन अशी साधनं होती, पण ती रोमनमधून. 'namaskar' लिहा, नमस्कार मिळवा. आपल्यासारख्या इंजिनियर मंडळींना ते सोयीचं. पण आई सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. तिने आधी मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग करायचं आणि मग त्यातून मराठी काढायचं? हा द्राविडी प्राणायाम झाला. सरकारी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शास्त्रशुद्ध आहे, पण तो टायपिंग शिकणाऱ्यांचा.

इथे पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन विभागाचं काम येतं. प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्यांच्या कीबोर्डवर २००४ च्याही आधीपासून डोकं लावत होते, 'कीलेख' हा त्यांचा तेव्हाचा प्रयोग. टचस्क्रीन आल्यावर त्यांनी केलं 'स्वरचक्र', साधारण २०१३ मध्ये, आणि दिलं फुकट. त्यात व्यंजनं शाळेतल्या तक्त्यासारखी मांडलेली: क ख ग घ, खाली च छ ज झ. क वर बोट ठेवलं की भोवती चक्र उमटतं, त्यात का, कि, की, कु, कू.. बोट त्या दिशेला सरकवलं की झालं. नवीन काही शिकायचं नाही. पहिलीत घोकलेली बाराखडीच, फक्त गोल.

मी ते आईच्या फोनवर टाकलं तेव्हा तिने पहिल्यांदा मामाला निरोप लिहिला. त्याआधी ती फक्त फॉरवर्ड करायची किंवा हात जोडलेलं चित्र पाठवायची. घरातल्या ग्रुपवर तिचं मत असू शकतं हे आम्हाला तेव्हा कळलं. आणि मतं बरीच होती!

पुढची पायरी भराभर सांगतो. गूगलचा हिंदी कीबोर्ड २०१३ चा, पुढे त्याचा इंडिक झाला, आणि २०१७ मध्ये जीबोर्डमध्ये २२ भारतीय भाषा आल्या. २०१६ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १६३३३ भाग ३ आलं, त्यानुसार इथे विकल्या जाणाऱ्या फोनवर सगळ्या २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत. आता फोन मराठी येऊनच हातात पडतो. एक मात्र लक्षात असू द्या, कीबोर्ड तुम्ही टाइप केलेलं सगळं बघू शकतो. कुणा अनोळखी कंपनीचा रंगीबेरंगी फुकट कीबोर्ड टाकण्याआधी दोनदा विचार करा.

आणि 'ॲ'? गंमत म्हणजे 'ॲप' हाच शब्द लिहायची पंचाईत होती. 'ॲ' ला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळालं २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. तोवर अ लिहून वर चंद्र डकवायचा. आजही दोन्ही प्रकारे लिहितात, दिसतं सारखंच, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका प्रकारे लिहून साधा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. तसंच ऱ्य चं. आमच्या इथून दर्या जवळ आणि दऱ्या लांब, पण कीबोर्डवर र आणि ऱ वेगळे नसतील तर भूगोलच बदलायचा.

बोलून लिहिण्याची सोय गूगलने मराठीला २०१७ मध्ये दिली. मला वाटलं आता कीबोर्डचं काम संपलं. पण शेजारचे काका आगरी बोलतात, त्यांच्या बोलण्यात ळ चा ल आणि ण चा न होतो. ते 'पानी' म्हणतात, फोन 'पाणी' उमटवतो. ते 'डोला' म्हणतात तेव्हा तर काहीही येतं. काका दोन दिवस फोनशी भांडले. तिसऱ्या दिवशी माइकचं बटण सोडलं, आणि आता सोसायटीच्या ग्रुपवर टँकरबद्दलची तक्रार 'पानी' असंच, एकेक अक्षर दाबून लिहितात.